लॉगबुकातली एकच नोंद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळा न्यायाधिकरणापुढे उभे राहण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली. साल १९९३. मी तेव्हा एका अनुदानित माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. परिविक्षा काळावर, म्हणजे सर्वांच्या भाषेत 'प्रोबेशन'वर असलेल्या एका गणिताच्या शिक्षकाची सेवा संस्थेने संपवली होती. कारण दिले होते, 'काम असमाधानकारक'. त्या दोन शब्दांच्या मुळाशी माझा अहवाल होता. शिक्षक अपिलात गेले. त्यांच्या वकिलांनी माझ्यापुढे निळ्या पुठ्ठ्याची एक वही ठेवली. वही माझीच, शाळेचे लॉगबुक.

"सर, जवळजवळ दोन वर्षांत आपण यांच्या वर्गात किती वेळा बसलात?"

मी म्हणालो, "वेळ मिळेल तसा बसत होतो."

"वहीत नोंदी किती आहेत?"

नोंद एक होती. तीन वाक्यांची. 'वर्गनियंत्रण कमी. फळ्याचा वापर अपुरा. सुधारणा आवश्यक.' खाली माझी सही आणि तारीख. त्या तारखेला सहामाहीचे तपासलेले पेपर वाटण्याचा तास होता, हे मला तिथे, त्या शिक्षकांच्या प्रतिज्ञापत्रातून कळले. पेपर हातात पडल्यावर कुठला वर्ग शांत बसतो? त्या दिवशी फळ्यावर लिहिण्यासारखे तरी काय होते? मी दारातून आत शिरलो, दहा-बारा मिनिटे मागे उभा राहिलो आणि ऑफिसात येऊन तीन वाक्ये लिहिली. त्या शिक्षकांनी दोन वर्षांत दीड-दोन हजार तास घेतले असतील. त्यातली माझ्या डोळ्यांखालून गेलेली ती दहा-बारा मिनिटे.

निकाल आमच्या विरुद्ध लागला आणि तो योग्यच होता. ते शिक्षक वाईट होते की चांगले, हा प्रश्न तिथे उरलाच नव्हता. मला ते माहीत नव्हते, एवढे मात्र सिद्ध झाले होते. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. शिक्षकाचे काम चांगले की वाईट हे ठरवण्याचा अधिकार मुख्याध्यापकाकडे आला कसा, आणि त्या अधिकाराचे आपण आजवर काय केले? निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा त्यासाठी थोडे वाचन केले. त्यातले काही आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात त्या शब्दापासूनच करू. 'लॉगबुक' हा शब्द आपल्या शाळांत इतका रुळला आहे की मराठी शाळेतल्या शिपाईमामांनाही तो ठाऊक असतो. मूळचा तो दर्यावर्दी लोकांचा. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेली फळी पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. आजही जहाजाचा वेग 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात तो त्यामुळेच. हे मोजमाप ज्या वहीत लिहायचे ती लॉगबुक. वाऱ्याची दिशा, वेग, वेळ, घडलेली घटना, हे त्यात लिहायचे. खलाशाला काय वाटले याला तिथे जागा नव्हती.

ही वही जहाजावरून शाळेत आली ती इंग्लंडमध्ये, १८६२ साली. त्या वर्षी तिथे प्राथमिक शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली लागू झाली. शिक्षणाचा कारभार पाहणारे रॉबर्ट लो हे तिचे जनक. सरकारचा पैसा वाया जाता कामा नये, शिक्षण एक तर चांगले तरी मिळावे, नाही तर निदान स्वस्तात तरी पडावे, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. मोठ्या मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १२ शिलिंग अनुदान. त्यातले ४ शिलिंग हजेरीचे. उरलेले ८ इन्स्पेक्टर घेईल त्या परीक्षेवर. वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांपैकी मूल ज्यात नापास होईल, त्या प्रत्येक विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. शिक्षकाचा पगार ठरवायचा शाळेच्या चालकांनी, आणि चालकांची थैली भरायची या निकालावर. 'निकालाप्रमाणे पैसे' या नावाने ही पद्धत पुढे ओळखली गेली.

याच नियमावलीने शाळेच्या मुख्य शिक्षकावर लॉगबुक लिहिण्याची सक्ती केली. त्यात एक अट होती. ती मी वाचली तेव्हा क्षणभर वही मिटून बसलो. सर्वसाधारण स्वरूपाचे विचार किंवा मते या वहीत लिहायची नाहीत, फक्त घडलेल्या गोष्टी लिहायच्या, अशी ती अट. मी माझी तीन वाक्ये आठवली. 'कमी', 'अपुरा', 'आवश्यक'. तिन्ही मतेच. घडलेली गोष्ट त्यांत एकही नव्हती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज मास्तरांना जे करायला मनाई होती, नेमके तेच मी केले होते.

पण त्या काळी शिक्षकाची खरी किंमत ठरायची ती लॉगबुकावरून नाही, तर इन्स्पेक्टरच्या एका दिवसावरून. त्याचे परिणाम काय झाले, हे सांगणारा माणूस खात्यातलाच होता. कवी आणि समीक्षक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते मॅथ्यू अर्नोल्ड १८५१ पासून पस्तीस वर्षे शाळा-इन्स्पेक्टर होते. कवितेवर पोट भरत नाही, हे तिथेही खरे होते. नव्या नियमावलीवर त्यांनी आपल्या सरकारी अहवालांतूनच टीका केली. सगळे शिक्षण यांत्रिक झाले आहे, आणि युक्तीने तयारी करून घेतली तर नीट वाचता, लिहिता किंवा हिशेब करता न येणारे मूलसुद्धा परीक्षेत पास करून दाखवता येते, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षभर एकच वाचनमाला घोकायची. मूल पुस्तकाकडे पाहते, पण म्हणते ते पाठ केलेले.

एडमंड होम्स हे दुसरे इन्स्पेक्टर. पस्तीस वर्षे नोकरी करून प्राथमिक शाळांचे मुख्य इन्स्पेक्टर म्हणून ते निवृत्त झाले आणि १९११ मध्ये त्यांनी 'व्हॉट इज अँड व्हॉट माइट बी' हे पुस्तक लिहिले. निकालाप्रमाणे पैसे देण्याच्या पद्धतीने शिक्षक आणि मुले दोघांनाही कसे यंत्र बनवले, याचा तो पंचनामा आहे. विशेष म्हणजे त्यांनी दोष इतरांवर ढकलला नाही. त्या यंत्रात आपलाही हात होता, असे मान्य केले. नोकरीत असताना हे कळले असते तर बरे झाले असते, असे त्यांनाही वाटले असेल. ते वाचताना मला थोडी सोबत मिळाली, एवढे सांगतो.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजी अंमल येण्यापूर्वी गावात पंतोजींची शाळा असे. पंतोजींचे मूल्यमापन कोण करी? गावच करी. मुलाला मोडी वाचता येते का, पावकी-निमकी-दिडकी तोंडपाठ आहे का, बाजाराचा हिशेब जमतो का, हे आईबाप घरी पाहत आणि त्यावर पंतोजींना धान्य, पैसा किंवा सणावाराचा शिधा मिळे. पद्धत साधी होती, पण ज्यांची मुले त्या शाळेत जाऊ शकत त्यांच्यापुरतीच. गावातल्या मोठ्या वर्गाला त्या ओसरीवर पायच ठेवता येत नव्हता. त्यांचे मत कोण विचारणार?

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणाचे स्वतंत्र खाते झाले. डायरेक्टर, त्यांच्या हाताखाली इन्स्पेक्टर आणि त्यांच्या हाताखाली डेप्युटी इन्स्पेक्टर अशी उतरंड उभी राहिली. खेड्यात मास्तर एकटाच, तोच शिक्षक आणि तोच मुख्य. त्यामुळे त्याचे काम पाहायचे ते बाहेरून येणाऱ्या साहेबाने. मराठी माणसाच्या तोंडी 'डिपोटी' हा शब्द बसला तो तेव्हापासून. अनुदानासाठी निकालाप्रमाणे पैसे देण्याची इंग्लंडातली रीतही इकडे आली.

या सगळ्या व्यवस्थेवर मराठी मुलखातून आलेले सर्वांत नेमके भाष्य महात्मा जोतीराव फुल्यांचे आहे. १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी करणारे निवेदन म्हणून ते आपण शाळेत शिकतो. पण त्यात शाळा-तपासणीवरही एक परिच्छेद आहे, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. जोतीराव म्हणतात, प्राथमिक शाळांवरची देखरेख सदोष आणि अपुरी आहे. डेप्युटी वर्षातून एकदा येऊन जातो, त्याचा काही उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देता शाळा पाहावी. गाव-तालुक्याच्या अंमलदारांवर विसंबू नये. त्यांच्यामागे शंभर कामे, ते क्वचितच येतात आणि आले तरी त्यांची परीक्षा वरवरची असते.

हे लिहिणारा माणूस कोण होता ते लक्षात घ्या. १८४८ पासून स्वतः शाळा काढणारा, सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका करणारा, शाळा चालवणे म्हणजे काय हे हातांनी अनुभवलेला. म्हणूनच त्यांनी तपासणी कडक करा एवढेच म्हटले नाही. त्याच निवेदनात शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि त्यांचा पगार वाढला पाहिजे, असेही बजावले. 'वरचेवर पाहा' आणि 'नीट पगार द्या' या दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या. आपण मात्र पुढची शंभर वर्षे कधी एकीवर, कधी दुसरीवर भांडत राहिलो.

निकालाप्रमाणे पैशांची पद्धत इंग्लंडमध्ये १८९० नंतरच्या दशकात मोडीत निघाली. इकडेही लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतल्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावापर्यंत सरकारचे मत तिच्याविरुद्ध गेले होते. पद्धत गेली, पण तपासणीचा तो एक दिवस गेला नाही. माझ्या पिढीने तो पाहिला आहे. आदल्या दिवशी वर्ग झाडायचे, तक्ते टांगायचे, पाटीवर सुविचार लिहायचा. साहेब विचारतील तो प्रश्न आणि त्याचे उत्तर देणारा मुलगा, दोघेही ठरलेले. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांनी मला सांगितले होते, "उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. हात सगळ्यांचे वर दिसले पाहिजेत." मी ते मुलांना शिकवले. साहेब खूश होऊन गेले आणि शेरेबुकात उत्तम शेरा पडला. त्या दिवशी मुले माझ्याकडून काय शिकली असतील, याचा विचार मी पुष्कळ उशिरा केला.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलावे असे शहाण्या माणसांना वाटत होते. १९५२ मध्ये डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला. त्याच्या १९५३ च्या अहवालात 'इन्स्पेक्टर' या नावाऐवजी 'शैक्षणिक सल्लागार' म्हणणे आपल्याला अधिक आवडेल, असे म्हटले आहे. शाळा चालते ती अखेर मुख्याध्यापकाच्या बळावर, हेही त्या अहवालाने अधोरेखित केले. विचार सरळ होता. बाहेरचा माणूस वर्षातून एक दिवस येणार. मुख्याध्यापक रोज तिथेच असतो. मग शिक्षकाचे काम त्याच्याइतके जवळून कोण पाहणार?

महाराष्ट्रात या विचाराला कायद्याचे रूप आले ते खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्याने आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीने. त्याआधी खासगी शाळेतल्या शिक्षकाची नोकरी पुष्कळदा संस्थाचालकाच्या मर्जीवर असे. उद्या येऊ नका, म्हटले की संपले. या कायद्याने त्याला संरक्षण दिले आणि दाद मागायला न्यायाधिकरण दिले. नियमावलीने शिक्षकाचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहिण्याचे काम मुख्याध्यापकाकडे सोपवले आणि मुख्याध्यापकाचा अहवाल लिहिण्याचे काम संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे. प्रतिकूल शेरा असेल तर तो ठरल्या मुदतीत शिक्षकाला कळवायचा. परिविक्षा काळातल्या शिक्षकाचे काम वस्तुनिष्ठपणे पाहून त्याची नोंद ठेवायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अहवाल लिहिलाच नाही किंवा प्रतिकूल शेरा वेळेत कळवला नाही, तर त्या वर्षीचे काम समाधानकारक होते असे धरायचे.

नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव कळत होता, असे मला वाटते. मुख्याध्यापक आळस करील, किंवा वर्षाअखेर मनातला राग काढील, हे त्याने ओळखले होते. म्हणून कोऱ्या कागदाचा फायदा त्याने शिक्षकाला दिला.

पण कायदा कागदावर काय म्हणतो आणि शाळेत काय घडते, यात अंतर असतेच. आमच्याकडे काय घडत होते ते सांगतो. वर्ष संपत आले की क्लार्क अहवालांचे फॉर्म आणून टेबलावर ठेवी. चाळीस शिक्षक, चाळीस फॉर्म. विषयज्ञान, अध्यापनकौशल्य, वर्गनियंत्रण, सहकाऱ्यांशी वागणूक, प्रत्येकापुढे एक शब्द. एका दुपारी सगळे लिहून होत. 'चांगले', 'चांगले', 'समाधानकारक'. प्रतिकूल लिहिले तर ते कळवायला हवे, मग खुलासा येणार, शिक्षकांची संघटना भेटायला येणार, स्टाफरूममध्ये दोन दिवस कुणी चहाला बोलावणार नाही. आणि उद्या कोर्टाने विचारले तर पुराव्याला लॉगबुक कुठे आहे? त्यापेक्षा 'समाधानकारक' बरे. ज्यांचे काम खरोखर उत्तम होते त्यांनाही तोच शब्द आणि जे वर्गात वर्तमानपत्र वाचत त्यांनाही तोच.

याची दुसरी बाजू अधिक काळी होती. ज्याला काढायचे संस्थेने आधीच ठरवले आहे, त्याच्यापुरते लॉगबुक अचानक जागे होई. माझ्या बाबतीत तसेच घडले, हे आज कबूल करायला हरकत नाही. त्या गणिताच्या शिक्षकांच्या जागी दुसऱ्या कुणाला घ्यायचे होते. मला कुणी 'खोटे लिहा' असे सांगितले नाही. 'त्यांच्या कामाकडे जरा लक्ष द्या' एवढेच सांगितले. माझा स्वतःचा अहवाल लिहिणारे तेच होते. मी इशारा समजलो आणि पेपरवाटपाच्या तासाला दारात जाऊन उभा राहिलो.

शिक्षक-संघटना गोपनीय अहवालाविरुद्ध बोलतात तेव्हा आपण म्हणतो, यांना काम नको. तसे म्हणणे सोपे आहे. पण ज्या कागदावर आपल्या नोकरीचे भवितव्य आहे तो आपल्याला दिसणार नाही, ही गोष्ट कुठल्या माणसाला सहन होईल? प्रतिकूल तेवढेच कळवायचे, बाकीचे कपाटात. 'समाधानकारक'चा अर्थ कौतुक की नापसंती, हे ज्याचे त्यालाच कळत नसे.

या गोपनीयतेवर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये बोट ठेवले. प्रकरण शाळेचे नव्हते, सीमेवर रस्ते बांधणाऱ्या खात्यातल्या देव दत्त या अभियंत्याचे होते. बढतीसाठी सलग पाच वर्षे 'फार चांगला' शेरा हवा होता. त्यांना एका वर्षी नुसता 'चांगला' मिळाला होता आणि तो कळवलाही नव्हता. वरवर पाहता 'चांगला' हा काही वाईट शेरा नव्हे. पण त्यानेच बढती अडली. न्यायालयाने म्हटले की शेरा कुठलाही असो, तो त्या माणसाला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला सुधारता येईल किंवा त्याविरुद्ध बोलता येईल. २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हेच मत कायम केले. सरकारी नोकरांच्या बाबतीत गोपनीय अहवालातल्या 'गोपनीय' या शब्दाचा दरारा तिथे संपला. माझ्या निवृत्तीनंतर का होईना, मला तो निकाल वाचून हायसे वाटले.

मग आता सगळे सुरळीत आहे का? तसे म्हणवत नाही. रॉबर्ट लो यांचा हिशेब मेलेला नाही, नाव बदलून तो पुन्हा पुन्हा येतो. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीला शाळांची किंमत मुलांच्या चाचण्यांच्या गुणांवरून करण्याचा देशभर आग्रह धरला गेला. अटलांटा शहरात काय झाले? २०११ मध्ये राज्याच्या चौकशी अहवालात ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर गैरप्रकाराचा ठपका आला. मुलांच्या उत्तरपत्रिकांतली चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली जात होती. त्या १७८ जणांत ३८ मुख्याध्यापक होते. ज्यांनी शिक्षकांवर नजर ठेवायची, त्यांचीच किंमत त्या आकड्यावर ठरत होती. अर्नोल्ड यांनी दीडशे वर्षांपूर्वी दिलेला इशारा तिथे कुणी वाचला नसावा.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय मानके ठरवण्याचे आणि पगारवाढ-बढतीसाठी सहकाऱ्यांचे मत, उपस्थिती, बांधिलकी, प्रशिक्षणाचे तास असे अनेक निकष लावण्याचे म्हटले आहे. एका निकषापेक्षा अनेक निकष बरे, यात शंका नाही. फक्त भीती एवढीच की त्यातले जे मोजायला सोपे तेच मोजले जाईल. प्रशिक्षणाचे तास प्रमाणपत्रावर छापलेले असतात. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीला प्रश्न विचारला की नाही, ते कुठल्याच प्रमाणपत्रावर नसते. ते पाहायला कुणीतरी त्या बाकावर जाऊन बसावे लागते. आणि आजचा मुख्याध्यापक तर माहिती भरण्यात आणि पोषण आहाराच्या हिशेबात इतका अडकलेला असतो, की वर्गाच्या दारापर्यंत पोहोचणेही त्याला कठीण. त्याला त्या कामातून मोकळे न करता शिक्षकांचे मूल्यमापन करा म्हणणे, म्हणजे जोतीरावांच्या त्या शंभर कामे असलेल्या अंमलदाराकडे पुन्हा शाळा सोपवणे आहे.

पुन्हा माझ्या शाळेत येतो. न्यायाधिकरणाच्या आदेशाने ते शिक्षक जूनमध्ये कामावर हजर झाले. मस्टरवर सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मीही काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्याकडे काय होते? दोन आठवड्यांनी मी त्यांना विचारले, "सर, उद्या नववीच्या तासाला बसू का? पूर्ण तास बसेन." ते म्हणाले, "आपला अधिकार आहे, सर." ते बरोबरच बोलले. पण त्यातला 'अधिकार' हा शब्द मला टोचला.

मी घंटा होण्याआधी जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. १८६२ ची ती अट मला तेव्हा माहीत नव्हती. पण न्यायाधिकरणात एक धडा मिळाला होता, जे पाहिले तेवढेच लिहायचे. त्या दिवशीची नोंद अशी होती: 'इयत्ता नववी, भूमिती. शिक्षकांनी २१ प्रश्न विचारले, पैकी १७ पुढच्या दोन रांगांना. खिडकीकडील मुलींना एकही नाही. फळ्यावर चुकलेल्या मुलाला खाली न बसवता त्याची चूक त्याच्याकडूनच शोधून घेतली, त्याला ४ मिनिटे दिली. गृहपाठ सांगेपर्यंत घंटा झाली.' चांगले, वाईट, समाधानकारक, यातला एकही शब्द मी लिहिला नाही.

मधल्या सुट्टीत वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "वाचून सही करा. काही चुकले असेल तर खाली लिहा." त्यांनी दोनदा वाचले. सही केली. वही परत देताना म्हणाले, "सर, मुलींना एकही नाही? खरंच?"

मी म्हणालो, "मी मोजत होतो."

ते गप्प झाले. चार दिवसांनी स्वतःच ऑफिसात आले. दारातच उभे राहून म्हणाले, "उद्या तिसरा तास नववीवर आहे. येता का?"

पुढे ते त्याच शाळेत कायम झाले. मुलाखतीला मिळालेला शिक्षक आणि घडलेला शिक्षक यांतला फरक मला त्यांनी दाखवला, आणि मुख्याध्यापक म्हणून मीही थोडासा घडलो. ती निळी वही शाळेच्या कपाटात असेल. तिच्यात दोन नोंदी आहेत, एक बारा मिनिटांची आणि एक पस्तीस मिनिटांची. पहिली नोंद खोडून टाकावी असे मला अनेकदा वाटले. खोडली नाही. लॉगबुकात खाडाखोड करायची नसते.